उग्र पानाचं खानदान

पॅचुलीचा वास आपल्याला अजिबात सोसत नाही, असं ठासून सांगणाऱ्या माणसाच्या मनगटावर बरेचदा पॅचुलीच असते. दुकानात गेल्यावर त्याला गुलाब हवा असतो, संत्र्याच्या सालीचा ताजेपणा हवा असतो, नाहीतर नुसतंच ‘काहीतरी सॉफ्ट’ हवं असतं. पॅचुली म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे हिप्पी येतात, ऊदबत्त्यांची दुकानं येतात, आठवडाभर न उघडलेली खोली येते. मग तो जी कुपी पसंत करून घरी आणतो तिच्यातल्या गुलाबाखाली हे पान मुकाट्यानं बसलेलं असतं. ते काढून घेतलं तर गुलाब तासाभरात विरून जाईल आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावानं बोटं मोडेल.

पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या बाजारात गेल्या तीसेक वर्षांत जी मोठमोठी अत्तरं चालली, त्यांतली कितीतरी या एका तेलाच्या आधारानं उभी आहेत. जाहिरातीत त्याचं नाव येतं ते शेवटच्या ओळीत, तेही नाइलाजानं घातल्यासारखं. हे पुस्तक त्या शेवटच्या ओळीतल्या तेलाबद्दल आहे.

प्रस्तावनेत लेखकानं आपली बाजू आधीच सांगून टाकावी, म्हणजे पुढे वाचकाची फसगत होत नाही. पॅचुली जात्याच शालीन वगैरे नाही, असं माझं म्हणणं आहे. ती उग्र आहे, मातकट आहे, आणि मोकळी सोडली तर खोलीतल्या सगळ्यांच्या डोक्यावर बसते. हिंगाचा डबा उघडला की नाक मुरडणारी माणसंच हिंगाशिवायची आमटी पानात आली की ‘काहीतरी राहिलंय’ म्हणतात; पॅचुलीचंही अगदी तसंच आहे. मात्रा सांभाळली, तेल मुरू दिलं आणि जोडीला योग्य मंडळी बसवली, तर तिच्यातून असं देखणं अत्तर निघतं की भल्याभल्यांना तिचा पत्ता लागत नाही. उत्तम गुलाबतेल विकत घेतलं की निम्मं काम पैशानंच होतं. पॅचुलीला कारागीरच लागतो. म्हणून एखाद्या अत्तराचा दर्जा जोखायचा तर त्यातली पॅचुली कशी हाताळली आहे, हे मी आधी पाहते.

तेव्हा आधी त्या वासाकडे नीट बघू. अत्तरवाले वापरतात तशी कागदाची अरुंद पट्टी घ्यावी, तिच्या टोकाला शुद्ध तेलाचा थेंब लावावा आणि पट्टी लगेच नाकाशी न नेता थोडी हलवावी. पहिला झोत कापराचा येतो. त्याच्यामागोमाग ओल्या मातीचा, तळघराचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या माळ्याचा वास येतो. पॅचुली नावडणाऱ्या माणसांची तपासणी बहुतेक इथेच संपते. अर्ध्या तासानं कापूर निघून जातो आणि लाकूड पुढे येतं. ते चंदनाचं दुधाळ लाकूड नसून गडद, कोरडं, किंचित तुरट लाकूड असतं. आणखी दोन-तीन तासांनी न गोडवलेल्या कोकोसारखा काहीतरी कडवट-खमंग भाग जाणवू लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर मातीचा मागमूस उरत नाही. उरते ती मनुकांच्या जवळ जाणारी, मऊ, उबदार गोडी. त्या पट्टीवर ती पुढेही कित्येक दिवस टिकते. लिंबाचं तेल तासाभरात गायब होतं हे लक्षात घेतलं, तर या टिकण्याचं मोल कळेल. कसबी सुगंधकाराला पहिल्या पाच मिनिटांतली पॅचुली फारशी नको असते. त्याला दुसऱ्या दिवसाची पॅचुली पहिल्या मिनिटापासून हवी असते. या तेलावर गेल्या शंभर वर्षांत जे जे संस्कार झाले, त्यांतले बरेचसे या एका हव्यासापायी झाले.

पॅचुलीचं झुडूप तुळशीच्या आणि पुदिन्याच्या कुळातलं आहे. कमरेएवढं वाढतं, पानं रुंद, लवदार, कडांना खाचा. शास्त्रीय नाव पोगोस्टेमॉन कॅब्लिन. मूळ आग्नेय आशियातलं. मान्वेल ब्लांको या ऑगस्टिनियन पाद्र्यानं फिलिपिन्समधल्या वनस्पतींचा जो ग्रंथ १८३७ मध्ये छापला, त्यात त्यानं हिला पुदिन्यातच जमा केलं होतं. लागवडीत तिला फुलं क्वचित येतात आणि बीही जवळजवळ धरत नाही, त्यामुळे रोप करायचं ते फांदीची कलमं लावूनच. इंडोनेशियात तिला निलाम म्हणतात. जगातलं बहुतांश तेल तिथूनच येतं. पूर्वी सुमात्राच्या उत्तर टोकाचा आचे प्रांत यासाठी नावाजलेला होता, अलीकडे सुलावेसी बेटानं मोठा वाटा उचलला आहे.

मराठी वाचकाला मात्र हे खानदान अगदीच परकं नाही. पोगोस्टेमॉन या प्रजातीतल्या कितीतरी वनस्पती सह्याद्रीत वाढतात. घाटातल्या वाटांच्या कडेनं दिसणारा फांगळा त्यातलाच. कासच्या पठारावर पाणथळ जागी जी जांभळी मंजिरी गालिच्यासारखी पसरते आणि जिच्यात उभं राहून फोटो काढण्यावरून वनखात्याचे रखवालदार पर्यटकांवर ओरडत असतात, तीही याच प्रजातीतली. आणि वेणी-गजऱ्यात मरवा, दवणा यांच्याबरोबर बसणारी पाच ही तर पॅचुलीची सख्खी नातेवाईक. फुलाशेजारी पान ठेवायचं, म्हणजे फुलाचा गोडवा अंगावर येत नाही आणि गजरा कोमेजल्यावरही काहीतरी दरवळत राहतं, ही जाण वेणी करणाऱ्या बायकांना होतीच. पॅरिसच्या सुगंधकारांनी पॅचुली गुलाबाशेजारी ठेवली, ती याच कारणासाठी.

पाचेचं काय किंवा निलामचं काय, हिरवं पान झाडावर असताना फार बोलत नाही. चुरगळलं तर वास येतो, पण तेलाच्या मानानं तो अगदी भिडस्त. याचं कारण असं की, सुगंधी तेलाच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असतात तशा आतल्या पेशींमध्येही असतात. त्या फुटायच्या तर पान आधी सुकावं लागतं. म्हणून कापणीनंतर पानं सावलीत पसरतात, दिवसातून खालीवर करतात, काही ठिकाणी ढीग घालून थोडी उबवतातही. उन्हात कडकडीत वाळवली तर तेल उडून जातं, ओली राहिली तर बुरशी धरते. पान दमट असलं पण चिकट नसलं, वाळलं पण भुगा होत नसला, म्हणजे ते भट्टीला तयार झालं. हे ठरवायला तिथे कुणी यंत्र वापरत नाही. मूठभर पानं दाबून बघतात आणि नाकाशी नेतात, बस्स.

भट्टीचं कामही धीराचं. पानांतून वाफ सोडायची, ती थंड करायची, पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं काढायचं. एवढं ऐकून ते सोपं वाटतं. पण पॅचुलीतला जो सर्वांत मोलाचा घटक, पॅचुलॉल, तो जड आहे आणि सगळ्यात शेवटी उठतो. सुरुवातीच्या तासांत हलके, कापूरगंधी घटक येतात. लाकूड वाचवण्यासाठी भट्टी लवकर विझवली तर कुपीत तेल दिसतं, पण त्यातला जीव मागे पानांतच राहतो. म्हणून चांगला भट्टीवाला सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त, वाफ चालू ठेवतो. एवढं करून वाळलेल्या पानाच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के तेल हाती येतं; म्हणजे किलोभर तेलाला चाळीस ते पन्नास किलो वाळकी पानं.

भांड्याचाही गुण तेलात उतरतो. छोटे भट्टीवाले लोखंडी पिंपं वापरतात. लोखंड तेलाशी संयोग पावतं आणि तेल गडद तांबडं-तपकिरी होतं. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यातलं तेल फिकट पिवळं निघतं. मोठे कारखानदार गडद तेल विकत घेतात, सायट्रिक आम्लानं त्यातलं लोह काढतात आणि उजळ करून पुढे विकतात. रेशमी साडीवर डाग पडू नये म्हणून उजळ तेल बरं, यात शंका नाही. पण जुन्या अत्तरवाल्यांना गडद तेलाचाच लोभ असतो, आणि तो निव्वळ हट्ट आहे असं मला वाटत नाही. त्या तेलात एक धुरकट खोली असते. आणि तेल कुठलंही असो, ते मुरावं लागतं. नव्या तेलात पानाचा हिरवा, कच्चा बोचरेपणा असतो. वर्ष-दोन वर्षं बंद कुपीत ठेवलं की तो जातो आणि गोडी वर येते. बहुतेक सुगंधी तेलं ठेवून बिघडतात. पॅचुली सुधारते.

युरोपला हा वास कळला तो अत्तरातून नव्हे, कापडातून. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर काश्मिरी शालींचं वेड फ्रान्सला लागलं. जोसेफिन सम्राज्ञीच्या शालींच्या संग्रहाच्या तर कहाण्या झाल्या. कसर लागू नये म्हणून या शालींच्या घड्यांत पॅचुलीची वाळलेली पानं घालून त्या पेटाऱ्यांतून रवाना होत. महिनोन् महिन्यांच्या प्रवासात वास लोकरीत मुरे, आणि पॅरिसमध्ये पेटारा उघडला की आधी शाल दिसण्याऐवजी तिचा वास येई. हळूहळू गिऱ्हाइकांनी वासावरून शालीची पारख करायला सुरुवात केली. वास आला तर शाल हिंदुस्थानातली, नाही आला तर नक्कल. मग फ्रान्समधल्या आणि स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या विणकरांनी काय करावं? त्यांनी कोयरीची नक्षी उचललीच होती. आता पानंही मागवली आणि आपल्या शालींना तोच वास लावून त्या खपवल्या. सुगंधाच्या इतिहासात ही हकिकत सगळीकडे सांगितली जाते, आणि मला ती फार आवडते. कारण पॅचुली ही युरोपात पहिल्यांदा प्रतिष्ठित झाली ती अस्सलपणाचा दाखला म्हणून, आणि लागलीच बनावटपणाचं साधनही झाली. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालींची मागणी कोसळली आणि काश्मिरातल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. वास तेवढा मागे राहिला.

आणि राहिला तो बदनाम होऊन. शालींच्या चलतीच्या काळात खानदानी बायकांच्या खांद्यावर असलेला हा गंध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या गणिकांशी जोडला गेला. कुलीन स्त्रीनं व्हायोलेट, लव्हेंडर लावावं. पॅचुली लावणारी बाई कोण ते सांगायला नको, असा संकेत पडला. तेल स्वस्त, वास टिकाऊ आणि दूरवर जाणारा, एवढी कारणं प्रतिष्ठित समाजाला पुरेशी होती. शंभर वर्षांनी हिप्पींच्या बाबतीत हेच झालं. १९६० च्या दशकात अमेरिकेतली आणि युरोपातली तरुण पोरं पूर्वेकडे निघाली, काही गोव्यात हणजुणेला येऊन स्थिरावली. त्यांच्या झोळ्यांत पॅचुलीच्या छोट्या बाटल्या असत. फ्रेंच अत्तराचा आई-बापांचा थाट त्यांना नको होता, गांजाचा वास झाकायला काहीतरी हवं होतं, आणि हे तेल चार पैशांत मिळत होतं. ते त्यांनी पातळ न करता थेट अंगाला चोपडलं. पाश्चात्त्य जगातल्या एका अख्ख्या पिढीच्या नाकात पॅचुली बसली ती अशी बिनमापाची. आजही तिकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसापुढे हे नाव काढलं की तो एकतर डोळे मिटून हसतो नाहीतर खिडकी उघडतो.

गंमत अशी की, हे चालू असतानाच न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड शां हा सुगंधकार अगदी याच तेलाचं वेगळं काहीतरी करत होता. त्यानं रचलेलं ‘ॲरोमॅटिक्स एलिक्सर’ हे क्लिनिक या कंपनीचं अत्तर १९७१ मध्ये बाजारात आलं. त्यात पॅचुली लपवलेली नाही, भरपूर आहे. पण तिच्याभोवती गुलाब, कॅमोमाइलची कडवट फुलं आणि ओकमॉस असं वजनदार कोंडाळं आहे. रस्त्यावर पॅचुली चोपडलेली पोरगी आणि डिपार्टमेंट स्टोअरच्या काउंटरवर हे अत्तर मागणारी तिची मावशी, दोघींच्या अंगावर तेल एकच होतं. हे अत्तर आजही बनतं. शालीन पॅचुली म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी अजूनही आधी त्याकडे बोट दाखवते, मात्र फवारा एकच मारा असं बजावून.

ओकमॉसचं नाव आलं आहे तर त्याविषयी दोन शब्द. ओकच्या सालीवर वाढणारं हे एक शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल याच्याच कुळातलं. फ्रांस्वा कोतीनं १९१७ मध्ये ‘शिप्र’ नावाचं अत्तर काढलं. बर्गमॉट नावाच्या लिंबाची तडफ वर, भूमध्य सागराकाठच्या लॅब्डेनम झुडपाची राळ मध्ये आणि ओकमॉस व पॅचुली तळाशी, असा त्याचा बांधा. तो बांधा एवढा गाजला की त्याचं घराणंच झालं. गेर्लांचं ‘मित्सुको’ (१९१९) आणि ‘मिस दिओर’ (१९४७) ही त्या घराण्यातली मोठी नावं. पॅचुलीला खऱ्या अर्थानं घरंदाज केलं ते शिप्रनं. तिथे ती ओकमॉसच्या आधारानं, सावलीत राहून काम करत होती. पुढे ओकमॉसमधल्या काही घटकांची काही जणांच्या त्वचेला ॲलर्जी होते असं दिसून आलं. सुगंध उद्योगानं आधी स्वतःहून त्याच्या मात्रेवर बंधनं घातली आणि २०१७ मध्ये युरोपीय संघानं त्यातल्या दोन घटकांवर बंदी आणली. घराण्याचा खांब गेला. तो भार उचलायला जे तेल पुढे झालं ते पॅचुली. आज ज्यांना ‘आधुनिक शिप्र’ म्हणतात त्यांत ओकमॉसच्या जागी बहुतेक वेळा हीच असते.

पण तीच जुनी, मातकट पॅचुली ओकमॉसची जागा घेऊ शकली नसती. इथे रसायनशास्त्र कामाला आलं, आणि या तेलाच्या रसायनशास्त्राची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज ब्युकी या स्विस रसायनशास्त्रज्ञानं पॅचुलॉलच्या रेणूची रचना मांडली. ती बरोबर आहे हे दाखवण्यासाठी त्यानं आणि सहकाऱ्यांनी तो रेणू प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला. बनवलेला पदार्थ आणि झाडातला पदार्थ तंतोतंत एक निघाला. यापेक्षा मोठा पुरावा तो काय हवा? १९६३ मध्ये झुरिकच्या जॅक डनिट्झच्या गटानं क्ष-किरणांनी पॅचुलॉलच्या एका संयुगाचे स्फटिक तपासले, तेव्हा रचना वेगळीच दिसली. झालं होतं असं की, पॅचुलॉलमधून पाणी काढताना रेणूचा सांगाडा कुणाच्या लक्षात न येता सरकला होता, आणि कृत्रिमरीत्या तो बनवताना नेमका तेवढाच उलटा सरकून मूळ जागी आला होता. चुकीचा नकाशा हातात घेऊन माणसं बरोबर गावाला पोचली होती. ब्युकीचं नाव त्या क्ष-किरणांच्या निबंधावरही आहे, हे त्याच्या मोठेपणाचं. त्याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांचे सहकारी याच कुळातल्या, म्हणजे सेस्क्विटर्पीन वर्गातल्या रेणूंच्या मागे लागलेले होते. पाषाण रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेवरून जाताना हे किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

तेलात पॅचुलॉल साधारण एक तृतीयांश असतो. नॉरपॅचुलेनॉल नावाचा दुसरा एक घटक जेमतेम एक टक्क्याच्या आत असतो, पण वासाच्या घडणीत त्याचा वाटा वजनापेक्षा कितीतरी मोठा. पॅचुलॉलचा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा रेणू प्रयोगशाळेत बनवला तर त्याला झाडातल्यासारखा वास राहत नाही. म्हणून निव्वळ रसायनांच्या बरण्यांतून स्वस्तात पॅचुली उभी करणं आजवर कुणाला नीट जमलेलं नाही. जमलं ते वेगळंच. निर्वात भांड्यात, कमी उष्णतेवर तेलाचे भाग सुटे करता येऊ लागले. कापराचा भाग बाजूला, बुरशीचा भाग बाजूला, मधला लाकडी-गोड गाभा तेवढा घ्यायचा. ‘दुसऱ्या दिवसाची पॅचुली पहिल्या मिनिटाला’ मिळाली ती या युक्तीनं. शनेलचं ‘कोको मादमोआझेल’ (२००१) ही तिची सर्वांत यशस्वी जाहिरात. त्यात संत्रं आहे, गुलाब आहे, मोगऱ्याचं भावंड शोभेल अशी जाई आहे, आणि खाली इतकी घासून-पुसून ठेवलेली पॅचुली आहे की ती लावणाऱ्या लाखो बायकांना हिप्पींची पुसटशीही आठवण येत नाही. मला विचाराल तर जरा जास्तच घासली आहे.

दुसरी वाट ‘एंजल’नं दाखवली होती. १९९२ मधलं हे तियेरी म्युग्लेरचं अत्तर ओलिव्हिए क्रेस्पनं रचलं. म्युग्लेरला लहानपणच्या जत्रेतला वास हवा होता. क्रेस्पनं इथाइल माल्टॉल, म्हणजे जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’च्या साखरेचा वास देणारं रसायन, मुबलक घातलं आणि त्या गोडाला तोंड द्यायला पॅचुलीही तशीच ढीगभर घातली. दोघांची जी झटापट होते तेच ते अत्तर. गोड, खाण्याजोग्या वासांचा जो सुळसुळाट पुढे झाला, त्याचं पाप किंवा पुण्य याच अत्तराच्या पदरात. रचना म्हणून मी त्याला सलाम करते. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र ते शेजारी उभं राहू नये.

मग शालीन म्हणावी अशी पॅचुली नेमकी कुठली? माझं उत्तर ‘कोरोमांडेल’. शनेलनं ते २००७ मध्ये आणलं, जाक पोल्ज आणि क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी रचलं. गॅब्रिएल शनेलला चिनी लाखकामाच्या घडीच्या पडद्यांचा भारी शौक होता. पॅरिसमधलं तिचं घर त्यांनी भरलेलं होतं. हे पडदे बनायचे चीनमध्ये, पण व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून युरोपला जाताना आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून जायचे, म्हणून नाव पडलं ते किनाऱ्याचं. पॅचुलीचंही तसंच झालं की! वाढली फिलिपिन्स-सुमात्राकडे, युरोपला पोचली काश्मिरी शालीतून, आणि ‘हिंदुस्थानी वास’ म्हणून ओळखली गेली. त्यामुळे पॅचुलीच्या अत्तराला हे नाव ठेवलं, हे मला फार चपखल वाटतं.

त्वचेवर ‘कोरोमांडेल’ उघडतं ते कडू संत्र्यावर. तो भाग झटकन जातो. मग पॅचुली येते, आणि मुख्य म्हणजे ती तोंड लपवून येत नाही: माती आहे, लाकूड आहे, पण मातीची ओल पुसलेली आहे. तिच्याखाली ऊद आणि धुपाची राळ. देवघरात जळणारा ऊद धुरानं घसा पकडतो, तो इथे धूर काढून नुसता उबेपुरता ठेवला आहे. आणि त्या दोघांच्या मधून पांढऱ्या चॉकलेटची एक साय पसरलेली असते. ‘एंजल’मध्ये साखर आणि पॅचुली भांडत राहतात, इथे ती साय पॅचुलीच्या खरखरीतपणावरून हात फिरवते आणि पॅचुली तिला बाळबोध होऊ देत नाही. शेल्ड्रेकनं दोनच वर्षं आधी सर्ज ल्युतांसाठी ‘बोर्नेओ १८३४’ रचलं होतं. त्यात हेच तेल आणि कडू कोको आहे, साय नाही. दोन्ही अत्तरं एकेका मनगटावर लावून बसलं की एकाच हाताचं हे कसब नीट दिसतं. ‘बोर्नेओ’ अधिक धाडसी आहे, आणि कधी कधी मला तेच जास्त आवडतं. पण चारचौघांत जायचं तर ‘कोरोमांडेल’.

गुलाबाच्या जोडीची पॅचुली पाहायची असेल तर दोमिनिक रोपियोंचं ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ (२०१०) आहे. फ्रेदरिक माल या प्रकाशकानं ते काढलं. प्रकाशकच म्हणायचं, कारण बाटलीवर सुगंधकाराचं नाव छापायची चाल त्यानं पाडली. तुर्की गुलाब आणि पॅचुली दोन्हींचं प्रमाण बेसुमार आहे. गजऱ्यातल्या पाचेचा न्याय इथे दरबारी थाटात लावला आहे, एवढंच सांगून ते पुढच्या प्रकरणासाठी राखून ठेवते.

या सगळ्या चकचकीत कुप्यांच्या मागे इंडोनेशियातला छोटा शेतकरी आहे, आणि त्याचं गणित बेभरवशाचं आहे. भाव चढला की गावंच्या गावं निलाम लावतात, सहा महिन्यांत पहिली कापणी येते, सगळ्यांचं तेल एकदम बाजारात येतं आणि भाव पडतो. पीक जमिनीचा कस ओढून घेतं, त्यामुळे पूर्वी दोन-तीन वर्षांनी रान बदलायची पद्धत होती, आणि त्यात जंगलं गेली. २०१४ मध्ये फर्मेनिक कंपनीनं साखर आंबवून सूक्ष्मजीवांकरवी तयार केलेला ‘क्लिअरवुड’ नावाचा पदार्थ बाजारात आणला: पॅचुलीचा स्वच्छ, लाकडी भाग, ना पान ना भट्टी. तो भाव स्थिर ठेवेल म्हणून सुगंधकार खूश आहेत. शेतकऱ्याला त्यांनी विचारलं असेल असं वाटत नाही. वास म्हणून तो सुरेख आहे, फक्त त्यात तळघर नाही, आणि तळघर नसलेली पॅचुली मला अर्धीच वाटते.

आपल्या हवेत ती कशी वापरावी, हे बऱ्याच जणी विचारतात. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट उकाड्यात हा वास दुप्पट फुगतो, तेव्हा पॅरिसमधल्या बाईच्या निम्म्यानं लावावं. पावसाळ्यात आणि पुण्या-नाशकाच्या थंडीत ती सर्वांत चांगली वागते. शुद्ध तेल थेट त्वचेला लावू नये. चंदनाच्या किंवा साध्या तेलात पातळ करून कापसाचा फाया भिजवावा आणि जुन्या पद्धतीनं कानाच्या पाळीत ठेवावा. पैठणीवर, शालीवर तर गडद तेलाचा थेंबही पडू देऊ नये.

हे पुस्तक नुसतं वाचण्यापेक्षा हाताशी एक लहान कुपी ठेवून वाचलेलं बरं. महागडं फ्रेंच अत्तर त्यासाठी लागत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडला किंवा आपल्या गावातल्या कुठल्याही जुन्या अत्तरवाल्याकडे पचौली मागितली की मिळते. घेताना त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: तेल किती जुनं आहे, आणि भट्टी लोखंडाची होती की स्टीलची. पहिल्याचं उत्तर तो फुशारकीनं देईल. दुसऱ्याचं बहुधा त्यालाही माहीत नसेल. तेव्हा कुपी उजेडात धरावी आणि रंग आपणच पाहून घ्यावा.